सत्काराच्या दिवशी गोठलेली बाटली

उन्हाळा सुरू झाला की माझं डोकं लवकर तापतं. यंदा त्याला निमित्तही चांगलं जाडजूड मिळालं. धाराशिवच्या आमच्या घराच्या फाटकात कुरिअरवाला घामाघूम होऊन उभा होता आणि त्याच्या हातात उशीएवढा ग्रंथ होता. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, सगळं इंग्रजीत. लहान मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या वाटचालीचा हा ग्रंथ. सोबत पत्र होतं. लहानपणापासून इन्सुलिनवर जगून पन्नाशी ओलांडलेल्या मोजक्या लोकांपैकी तुम्ही एक आहात, तेव्हा आमच्या परिषदेत व्यासपीठावर येऊन चार शब्द बोला. चार शब्दांत माझं भागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. एक डोळा या आजारानं नेला, दुसऱ्यावर काम चालू आहे. त्या एका डोळ्यानं मी तो ग्रंथ तीन दुपारी बसून वाचून काढला. सुरुवातीला म्हणे बोटांवर मोजण्याइतके डॉक्टर एका टेबलाभोवती बसले. मोठ्यांचा मधुमेह वेगळा आणि पोरांचा वेगळा, हे त्यांनी एकमेकांना सांगितलं. ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग त्यांचा अभ्यासगट झाला, मग घटना लिहिली गेली, मग अध्यक्ष आले, सचिव आले, मग परिषदा, शाखा, मासिक, मार्गदर्शक सूचना. दर दहा पानांनी एक सामूहिक फोटो. फोटोतली माणसं टकली होत गेलेली आणि संस्था बाळसं धरत गेलेली. शेवटी सभासदसंख्येचा एक रंगीत आलेख आहे, डावीकडून उजवीकडं चढत जाणारा. आजारी पोरांपैकी किती जगली आणि किती गेली, याचा तेवढा रंगीत आलेख मला सापडला नाही. असेलही कुठंतरी बारीक अक्षरांत.

असाच चढता आलेख मी लहानपणी रोज सकाळी पाहायची. जळकोटला, हमरस्त्याला लागून, दूध शीतकरण केंद्र होतं. तिथल्या ऑफिसच्या भिंतीवर तो खिळ्याला टांगलेला असायचा. सहकाराचे दिवस होते ते. ज्याला त्याला संस्था काढायची घाई. दुधाची संस्था, सुताची संस्था, खताची संस्था, आणि ज्या पुढाऱ्याला यातलं काहीच जमलं नाही त्याची ग्राहक संस्था. त्या वर्षी पाऊस पार हुकला होता. ज्यांची जनावरं उरली होती त्यांनी ती चाऱ्याच्या छावणीत नेऊन बांधली होती, आणि सायकलींना लटकून येणारे दुधाचे कॅन रिकामे वाजत यायचे. पण भिंतीवरची रेघ चढतच होती. चेअरमनसाहेब बैठकीत म्हणायचे, "दूध कमी-जास्त व्हतंय. सभासद वाढला पायजे." सभा टाळ्या वाजवायची. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या दावणीला गायच नव्हती.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथं दूध तपासायला होते. आम्ही बौद्धवस्तीतले. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं आणि पोराला सातवीपर्यंत शाळेत घातलं. त्या सातवीवर आप्पांना ही नोकरी लागली. बारीक काचनळ्यांत दूध घ्यायचं, त्यात औषध घालायचं, नळ्या फिरवायच्या आणि फॅट वाचून वहीत लिहायचं. दुधाला त्यांचा हात लागतो म्हणून काही जणांची नाकं मुरडायची. पण फॅटवर दुधाचा भाव ठरतो आणि फॅट लावणारा तोच आहे म्हटल्यावर नाकं आपोआप सरळ व्हायची. आप्पांचं अक्षर टपोरं होतं. शून्य काढताना ते श्वास रोखायचे, हे मी बघितलंय.

माझा आजार त्याच हुकलेल्या पावसाळ्याच्या शेवटी निघाला. मी सारखं पाणी प्यायची. पण त्या वर्षी सगळ्या गावालाच तहान लागलेली, त्यात एका पोरीची तहान कुणाला वेगळी दिसणार? मी वाळत गेले. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी तुळजापूरला पाच मंगळवार करा म्हणालं. शेवटी मी वर्गात चक्कर येऊन पडले तेव्हा आप्पांनी मला उचललं आणि एसटीनं सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, पोरीला रोज सुई लागणार, जन्मभर. औषधाच्या दोन छोट्या बाटल्या हातात ठेवल्या आणि बजावलं, की या गार जागी ठेवायच्या, उन्हानं खराब होतात. गोठूही द्यायच्या नाहीत, गोठलं की औषध मेलं.

झालं. तिथून पुढं आमच्या घरात एकच प्रश्न उरला, बाटली गार कुठं ठेवायची. बाटली टिकली तर मी टिकणार होते. गावात फ्रिज दोनच. एक सरकारी दवाखान्यात, तो बंद. दुसरा चेअरमनसाहेबांच्या माडीवर, तिथं आमच्या माणसाचा पाय लागत नव्हता. उरलं केंद्र. आप्पांनी शीतखोलीत, लोण्याच्या डब्यांच्या मागं, पत्र्याच्या एका डबीत बाटल्या ठेवल्या. सकाळी दूध यायच्या आधी मी त्यांच्याबरोबर जायची आणि मागच्या ओट्यावर सुई घ्यायची.

आजही कुठं अमोनियाचा उग्र वास आला की मला बरं वाटतं. लोक नाक दाबतात, मी खोल श्वास घेते. त्या केंद्रात अमोनियावर चालणाऱ्या यंत्राची घरघर होती, ओली फरशी होती, आणि बर्फाच्या टाकीत नळ्यांवर पांढरा बर्फ चढलेला असायचा. दूध कमी, त्यामुळं यंत्राला काम कमी, त्यामुळं बर्फ रोज जाड होत चाललेला. बाहेर हंड्यासाठी बायकांची डोकी फुटत होती आणि आत मी अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभी. त्या थंडीत सुईचं दुखणं अर्धंच कळायचं.

लघवी तपासायचं काम आप्पा घरी करायचे. एका नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, आणि खाली स्पिरिटचा दिवा. उकळलं की रंग बदलायचा. निळा राहिला तर उत्तम, हिरवा झाला तर बरं, पिवळा म्हणजे वाईट, आणि विटेसारखा लाल झाला की माय पदरानं तोंड पुसत बाहेर जायची. आप्पांनी त्याची वही घातली होती. तारीख, वेळ, सुईचं माप, आणि शेवटच्या घरात शब्द न लिहिता माझ्या खडूपेटीतल्या खडूनं तोच रंग भरलेला. लाल खडू सगळ्यांत आधी संपला. मला चित्रं काढायला तपकिरी आणि काळा एवढेच उरले, म्हणून मी त्या वर्षी फक्त म्हशी काढल्या.

ही वही डॉक्टरसाहेबांनी पाहिली आणि ते खुर्चीतून उठलेच. माणूस मनानं वाईट नव्हता. हीच तर माझी अडचण आहे. वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं.

"नामदेवराव, ही वही मला द्या. बाहेरच्या देशांतली मोठमोठी डॉक्टर मंडळी आता एकत्र आलीत, फक्त पोरांच्या शुगरसाठी. मीही त्यांचा सभासद झालोय. पुढच्या महिन्यात तिकडं चाललोय, तिथं दाखवतो."

"साहेब, मग म्या लिवू कशात?"

"दुसरी घ्या की."

आप्पा जरा घुटमळले. मग म्हणाले, "त्या संस्थेकडनं लेकराला एखादी गारव्याची पेटी मिळंल का? उन्हाळा लई कडक जाणार हाय औंदा."

"मांडतो मी विषय," डॉक्टरसाहेब म्हणाले. विषय मांडणं हा शब्दप्रयोग मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून शाळेच्या बैठकीत कुणी तो उच्चारला की मी पिशवी उचलून घरी निघते.

वही गेली ती गेलीच. परवा मात्र ती भेटली, ग्रंथात, डाव्या पानावर. आप्पांचं टपोरं अक्षर, माझे खडू, माझा लाल. खाली ओळ छापलीय, ग्रामीण भारतातल्या एका निरक्षर मजुरानं ठेवलेली नोंद. वर अक्षर आणि खाली निरक्षर. एवढ्या देशांतल्या एवढ्या विद्वानांनी ते पान तपासलं असेल आणि एकालाही ते खटकलं नाही. सोलापूरच्या डॉक्टरसाहेबांचं नाव मात्र पदव्यांसकट बरोबर छापलंय.

वही गेली आणि पाठोपाठ डबीही गेली. चैत्र लागला होता. चेअरमनसाहेब एका सकाळी शीतखोलीत शिरले आणि लोण्याचे डबे मोजता मोजता त्यांच्या हाताला आमची डबी लागली. मी ओट्यावर बाही वर करून बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

"नामदेवा, हे काय रे?"

"साहेब, लेकराचं औषध हाय. शुगरची बिमारी हाय तिला."

"दुधाच्या खोलीत बिमारी ठिवतोस व्हय?"

"बाटली बंद हाय, साहेब. कशाला लागत न्हाय."

"लागायचा सवाल न्हाय. लोक काय म्हणतील? उद्या सभासदांनी दूध घालायचं बंद केलं तर?"

हेच औषध चेअरमनसाहेबांच्या आईचं असतं तर त्याला कुणी बिमारी म्हटलं नसतं. त्याला औषधच म्हटलं असतं आणि लोण्याच्या पुढं ठेवलं असतं. आप्पांनी डबी उचलली, टोपीखाली धरली आणि वैशाखासारख्या त्या चैत्राच्या उन्हातून घरी आणली. मला सुई घरी दिली. त्या दिवशी ती पूर्ण दुखली.

मग मडकं आलं. मोठ्या मडक्यात वाळू, वाळूत लहान मडकं, लहान मडक्यात डबी, वर ओलं फडकं. वाळू सतत ओली ठेवायची. टँकर एक दिवसाआड यायचा. त्यातली एक अख्खी कळशी माय मडक्यासाठी बाजूला काढायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही. आम्ही मोजून प्यायचो, मडकं पोटभर प्यायचं. या आजारात तहान कशी असते ते ज्याला लागते त्यालाच माहीत. एकदा भर दुपारी मी त्या कळशीतलं पाणी ढसाढसा प्याले. माय दारात उभी राहून बघत होती. स्वतःच्या वाटणीचा तांब्या उचलून तिनं वाळूवर ओतला आणि संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.

एवढं केल्यावर बाटली टिकली. मी सातवीची परीक्षा दिली. आप्पांनी घातलेल्या दुसऱ्या वहीत निळा आणि हिरवा जास्त दिसायला लागला. आणि तेवढ्यात डॉक्टरसाहेब परदेशातून परत आले.

पेटी आणली नव्हती. कोटाला लावायचा एक बिल्ला आणला होता. सोलापूरच्या पेपरात त्यांचा फोटो छापून आला, जळकोटच्या बापाच्या वहीचं परदेशात कौतुक, असा मथळा. पेपर चेअरमनसाहेबांच्या हाती पडला आणि चमत्कार झाला. जी डबी दुधाची बिमारी होती ती एका सकाळीत केंद्राची शान झाली. सत्कार ठरला. जगातली एक संस्था आणि जळकोटची एक संस्था, असं चेअरमनसाहेब सांगत फिरले. दोघींचं गोत्र एकच आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं.

वैशाखातली दुपार. केंद्रापुढं मांडव घातला. डॉक्टरसाहेबांच्या बुटांवर धूळ बसू नये म्हणून अंगणात सडा मारला, आणि तो हाताच्या ओंजळीनं नव्हे, टँकर वळवून मारला. मातीचा वास सुटला तशा आमच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन धावत आल्या आणि मांडवाच्या कडेला थबकल्या. जमिनीनं ते पाणी दोन मिनिटांत पिऊन टाकलं. मी पुढच्या खुर्चीत, कुणाचा तरी मागून आणलेला झालरीचा फ्रॉक घालून. पेढ्यांचं ताट माझ्यापुढून गेलं तेव्हा सगळ्या मांडवाची मान माझ्याकडं वळली, मी खाते का ते बघायला.

भाषणात चेअरमनसाहेब म्हणाले की या कन्येचं औषध आमच्या केंद्रानं पहिल्या दिवसापासून पोटच्या पोरासारखं सांभाळलंय. तुळजापूरहून फोटोग्राफर बोलावला होता. त्याला औषध बर्फात ठेवलेलं हवं होतं. चेअरमनसाहेबांनी स्टेजवरूनच हुकूम सोडला.

"नामदेवा, त्या बाटल्या आण. बर्फात ठिवून फोटू काढू."

आप्पा पुढं झाले. "साहेब, बर्फात न्हाय चालत. गार चालतंय, गोठलेलं न्हाय चालत." आणि त्यांनी डॉक्टरसाहेबांकडं पाहिलं.

डॉक्टरसाहेब हसले. "फोटोपुरतं काय होतंय, नामदेवराव?"

दूधवाल्या माणसांची समजूत साधी असते, जेवढं गार तेवढं चांगलं. दोन गड्यांनी नळ्यांवरच्या बर्फात कोयत्यानं खोबण केली आणि दोन्ही बाटल्या आत खोचल्या, एक चालू आणि एक कोरी. दिसायला शोभा यावी म्हणून वर कागदी फुलांची माळ. फोटोग्राफर म्हणाला, आधी स्टेजवरचे फोटो घेतो, मग आत येतो. आप्पांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि त्यांना डॉक्टरसाहेबांच्या शेजारी उभं केलं. सरपंच बोलले, संचालक बोलले, सेक्रेटरींनी अहवाल वाचला, सभासदसंख्येत झालेल्या वाढीबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. डॉक्टरसाहेब पाऊण तास बोलले, पोरांच्या मधुमेहाची चळवळ कशी देशोदेशी फोफावत चाललीय यावर. आप्पांचे डोळे शीतखोलीच्या दारावर खिळलेले. मला वाटत होतं, त्यांनी नारळ टाकून द्यावा आणि धावावं. ते धावले नाहीत. हात जोडून उभे राहिले. त्या दुपारी मला चेअरमनचा आला नाही एवढा तिटकारा आप्पांचा आला. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

दिवस कलला तेव्हा फोटो निघाला. बाटल्या बर्फात पक्क्या बसल्या होत्या, गरम पाणी ओतून सोडवाव्या लागल्या. आप्पांनी चालू बाटली उजेडात धरली, जशी ते दुधाची नळी धरायचे. आत तळाशी पांढरे कण बसले होते. त्यांनी बाटली हळू हलवली. कण विरले नाहीत.

"फाटलंय," ते म्हणाले.

"औषध काय दूध हाय का फाटायला?" चेअरमनसाहेब म्हणाले, आणि मांडवात हशा पिकला. डॉक्टरसाहेबांची जीप तोवर नळदुर्गाच्या पुढं गेली होती.

दुसरं औषध नव्हतं, म्हणून त्याच बाटल्या वापरल्या. पहिल्या दिवशी पिवळा. दुसऱ्या दिवशी लाल. सुई वाढवली तरी लाल. तिसऱ्या दिवशी मला उलट्या सुरू झाल्या, श्वासाला पिकून गेलेल्या फळाचा वास यायला लागला. आप्पा पहिल्या एसटीनं सोलापूरला गेले. डॉक्टरसाहेब नव्हते. संस्थेची इकडची शाखा काढायची होती, त्या बैठकीला ते मुंबईला गेले होते. कंपाउंडर खिडकीतून म्हणाला, साहेब आल्याशिवाय बाटली मिळायची नाही. औषधाच्या दुकानात म्हणाले, आठ दिवसांनी या.

त्याच खिडकीपाशी सास्तूरची एक बाई उभी होती. तिच्याही मुलीला माझाच आजार. दवाखान्याच्या ओळीत आप्पांची आणि तिची दोनदा गाठ पडली होती, मडक्याची युक्ती तिला आप्पांनीच सांगितली होती. ती उरलेली बाटली परत द्यायला आली होती आणि कंपाउंडर फोडलेली बाटली घ्यायला तयार नव्हता. आप्पांचं बोलणं तिनं ऐकलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली तिनं पुढं केली.

"ही घ्या दादा. अर्धी हाय. मडक्यातच ठिवली व्हती, तुमी सांगितल्यापरमानं."

"आन तुमचं लेकरू?"

"गेलं की. आठ दिस झाले."

बाटली देऊन ती गावाकडच्या गाडीला लागू शकली असती. पण म्हणाली, तुमची लेक बघते. आप्पांबरोबर ती जळकोटला उतरली. मला भिंतीला टेकवून बसवलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. आप्पा सुई उकळत होते. ती मायला हळूच म्हणाली, "म्या टोचू का?" मायनं आप्पांकडं पाहिलं, आप्पांनी सुई तिच्या हातात दिली. तिनं माझी बाही वर सारली, दंडावरची जागा बोटानं चाचपली आणि टोचली. हात हलका होता तिचा. सवयीचा होता.

मग ती दाराशी बसली. मायनं चहा दिला. मायला ती सांगत होती, "ताप आलता. वकायली, काय खाईना. म्या म्हणलं, पोटात अन्न न्हाय तर सुई कशाला टोचायची, आजून त्रास. बंद केली. माझीच चुकी झाली बगा."

मायला तरी कुठं माहीत होतं? खात नसलं तरी सुई बंद करायची नाही, हे एक वाक्य आहे. तोंडानं सांगायला दोन श्वास लागतात. ग्रंथात त्यावर अख्खं प्रकरण आहे, चौकट घालून, ठळक अक्षरांत. कुणी कधी लिहिलं, कोणत्या परिषदेत मंजूर झालं, सगळं आहे. सास्तूरच्या बाईला ते त्या ओळीत, त्या खिडकीपाशी, बिल्ला लावलेल्या माणसानं सांगितलं नाही. त्या पानावर बोट ठेवून मी परवा अख्खी दुपार बसून होते. मला त्या संस्थेची किळस आली. चांगलं काम करणाऱ्या माणसांची किळस येऊ नये, हे मला कळतं. तरी आली.

अर्धी बाटली मला नऊ दिवस पुरली. दहाव्या दिवशी डॉक्टरसाहेब परत आले, आप्पांना दोन बाटल्या मिळाल्या आणि मी जगले. त्यानंतर कितीतरी उन्हाळे गेले. मधल्या काळात भूकंप झाला, सास्तूर पडलं. मी कॉलेजात होते, मदतीला निघालेल्या पोरींच्या गाडीत बसून गेले. दगडमातीच्या ढिगाऱ्यांतून हिंडले, तंबूंतून हिंडले. एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "कुणाला हुडकायलीस बाई?" आमच्या घरात तिला सगळे सास्तूरची बाई म्हणायचे. सास्तुरात जाऊन सास्तूरची बाई कुठं राहते, असं विचारता येत नाही.

काल त्या परिषदेच्या एका तरुण डॉक्टरीणबाईचा फोन आला. बोलायला गोड मुलगी. "मॅडम, भाषणाच्या शेवटी तुम्हाला ज्यांचे आभार मानायचेत त्यांची नावं आधी कळवाल का? आम्ही ती पडद्यावर दाखवू." मी कागद घेतला. भाषण तर माझं तयारच होतं, निरक्षर या शब्दापासून सुरू होणारं, एकालाही न सोडणारं. आभारांत आप्पांचं नाव लिहिलं, मायचं लिहिलं. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं.

ती बाई आमच्या दारात तासभर बसली होती. सुई लागू पडली, मला जरा तरतरी आली, तेव्हा तिनं मला विचारलं, "नाव काय बाळ तुझं?" मी सांगितलं. कितवीत आहेस विचारलं, तेही सांगितलं. मग ती माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटत असेल, आता ही आपल्या लेकीचं नाव विचारेल. कुणीतरी विचारावं म्हणूनच ती गाडीतून उतरली असेल. मी बारा वर्षांची होते, बोलता येत होतं, शुद्धीवर होते. मी कूस बदलली आणि झोपी गेले.